चार्ट शिकताना उजवी बाजू झाकून ठेवा

शेअरचा चार्ट पुढे करून 'हा घेऊ का?' असं विचारणाऱ्याच्या पडद्यावर बहुतेक वेळा तेच दिसतं: खाली दोन-तीन इंडिकेटर (भावावरून गणित करून काढलेल्या रेघा), भावावर चार रंगांच्या मूव्हिंग ॲव्हरेज (गेल्या काही दिवसांच्या सरासरी भावाच्या रेघा) आणि कुठल्या तरी दोन टोकांना जोडणारी एक तिरकी रेघ. आपण चुकलो हे कुठल्या भावाला कळेल, याची खूण मात्र कुठेच नसते. विचारलं तर उत्तर येतं, 'ते बघू नंतर.'

आधी कळस, मग पाया. सुरुवात इंडिकेटरपासून होते, मग पॅटर्नांची नावं पाठ होतात, मग सौदा होतो, आणि तोटा अंगावर आल्यावर स्टॉपलॉस (तोटा थांबवायला आधीच ठरवलेला विक्रीचा भाव) आठवतो. खाली तोच रस्ता सुलट क्रमाने दिला आहे. रोज तासभर दिलात तर सगळे टप्पे पुरे व्हायला चार ते सहा महिने लागतील. घाई करायचीच असेल तर टप्पा ४ आणि ५ मध्ये करा. ६ आणि ७ मध्ये केलीत तर बाकीचं सगळं वाया गेलं म्हणून समजा.

## पूर्वतयारी: चार्ट उघडण्याआधी

शेअर निवडा, आणि ते तुमच्याकडे नसलेले निवडा. एक निर्देशांक आणि रोज भरपूर उलाढाल होणारे आठ-दहा शेअर पुरेत. स्वतः घेऊन ठेवलेल्या शेअरवर चार्ट शिकता येत नाही. तिथे डोळा भाव बघत नाही, आशा बघतो. उलाढाल कमी असलेले शेअरही नकोत, कारण तिथे एखाद्याच मोठ्या ऑर्डरने अख्खी कॅन्डल (चार्टवरची एका दिवसाच्या किंवा आठवड्याच्या भावाची उभी पट्टी) घडते आणि तुम्ही तिच्यात 'बाजाराचं मत' शोधत बसता.

टाइमफ्रेम, म्हणजे एका कॅन्डलचा काळ, दोनच: साप्ताहिक आणि दैनिक. पाच मिनिटांच्या चार्टवर दिवसभरात भरपूर कॅन्डल मिळतात, म्हणून शिकणं लवकर होईल असं वाटतं. प्रत्यक्षात तिथे विचार करायलाच वेळ मिळत नाही. दैनिक चार्टवर एक निर्णय घ्यायला अख्खी संध्याकाळ असते.

भाव समायोजित (विभाजन-बोनसनुसार जुने भाव बदलून घेतलेला) आहे का ते बघा. एका शेअरचे पाच तुकडे झाले की भाव एका दिवसात पाचवा हिस्सा होतो. असमायोजित चार्टवर ही ८० टक्क्यांची पडझड दिसते. प्रत्यक्षात कोणाचंही काही गेलेलं नसतं. एकास एक बोनस मिळाला की भाव निम्मा दिसतो. लाभांशाचं समायोजन काही ठिकाणी केलेलं असतं, काही ठिकाणी नसतं. सुरुवातीला मी एका शेअरवर विभाजनापूर्वीच्या भावांवरून मोठ्या हौसेने सपोर्ट (पडता भाव जिथे थांबून वर वळतो ती जागा) काढला होता आणि भाव 'तिथवर परत येईल' म्हणून कित्येक महिने वाट पाहिली होती.

स्केल बदलून बघा. साध्या स्केलवर १०० ते २०० आणि १,००० ते १,१०० या दोन्ही चाली सारख्याच उंचीच्या दिसतात, कारण दोन्ही १०० अंकांच्या आहेत. पहिलीत पैसे दुप्पट झाले, दुसरीत १० टक्के वाढले. कित्येक वर्षांचा चार्ट बघताना लॉग स्केल लावा. त्यावर सारख्या टक्क्यांची चाल सारख्या उंचीची दिसते. साध्या स्केलवर 'आता फारच वर गेला' असं वाटणाऱ्या निम्म्या चार्टांची भीती इथेच कमी होते.

सगळे इंडिकेटर काढून टाका. व्हॉल्यूमसुद्धा (किती शेअरांची उलाढाल झाली तो आकडा). तो टप्पा ४ मध्ये परत येईल.

एक वही घ्या. कागदाची किंवा स्प्रेडशीट, कशीही चालेल. रकाने: तारीख, शेअर, काय दिसलं, काय ठरवलं, चुकलो हे कुठे कळेल, काय झालं.

> तपासणी: ज्याचं पूर्वी विभाजन झालं आहे असा एक शेअर शोधा. त्या तारखेला चार्टवर खड्डा दिसतो का? दिसत असेल तर चार्टची सेटिंग बदला किंवा दुसरं साधन वापरा. हे झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## टप्पा १: कॅन्डल वाचा, नावं नकोत

कॅन्डलमध्ये चारच आकडे असतात: उघडला तो भाव, बंद झाला तो भाव, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा. हॅमर, डोजी, शूटिंग स्टार ही कॅन्डलच्या आकारांची नावं पहिले तीन आठवडे विसरा. कोणत्याही शेअरच्या सलग ३० दैनिक कॅन्डल घ्या आणि प्रत्येकीसाठी एकच वाक्य लिहा. उदाहरणार्थ: 'सकाळी वर उघडला, घेणाऱ्यांनी आणखी वर नेला, पण बंद होताना दिवसाच्या तळाजवळ आला, विकणारे जिंकले.' भाव दिवसाच्या पट्ट्यात कुठे बंद झाला, वरच्या तिसऱ्या हिश्श्यात, मधल्या की खालच्या, हे दर वाक्यात आलं पाहिजे.

कंटाळवाणं आहे, कबूल. पण इथे तीन गैरसमज गळून पडतात.

पहिला रंगाचा. कॅन्डलचा रंग बहुतेक चार्टवर त्याच दिवशीच्या उघडत्या आणि बंद भावावरून ठरतो. काल भाव ५०० वर बंद झाला, आज ४७० वर उघडला आणि ४८० वर बंद झाला, तर कॅन्डल हिरवी येईल. शेअर मात्र ४ टक्के पडलेला असेल. नुसते रंग मोजून 'चार हिरव्या झाल्या' म्हणणाऱ्याला हे दिसतच नाही.

दुसरा अपुऱ्या कॅन्डलचा. बाजार बंद होईपर्यंत दैनिक कॅन्डल पूर्ण होत नाही. आठवडा संपेपर्यंत साप्ताहिक कॅन्डल पूर्ण होत नाही. दुपारी दिसणारा सुंदर हॅमर शेवटच्या अर्ध्या तासात साधी लाल कॅन्डल होऊन बसतो. बुधवारी साप्ताहिक चार्टवरून निष्कर्ष काढणं म्हणजे भात अर्धा शिजलेला असताना चव सांगणं.

तिसरा क्रमाचा. दिवसाचा उच्चांक आधी झाला की नीचांक, हे कॅन्डल सांगत नाही. आत्ता ही बारीक गोष्ट वाटेल. टप्पा ७ मध्ये हिच्यामुळेच खोटे नफे दिसू लागतात.

## टप्पा २: शिखरं आणि तळ मोजा

'ट्रेंड वर आहे' हे मत झालं. त्याला मोजमाप द्यायचं तर एक पक्का नियम हवा. मी वापरतो तो असा: ज्या कॅन्डलचा उच्चांक तिच्या आधीच्या दोन आणि नंतरच्या दोन कॅन्डलांच्या उच्चांकांपेक्षा वर आहे, ते शिखर. तळ याच्या उलट. आता चार्टवर एका वर्षाची सगळी शिखरं आणि तळ खुणा करून मांडा.

१. शिखरंही चढती आणि तळही चढते: तेजी.
२. दोन्ही उतरती: मंदी.
३. बाकी सगळं: आडवा बाजार.

तिसऱ्या खान्याचा लोकांना कंटाळा येतो आणि तिथेच सगळ्यांत जास्त पैसे जातात. शेअर बराच काळ आडवा असू शकतो. त्याला जबरदस्तीने तेजीत किंवा मंदीत कोंबायची गरज नाही. 'काही सांगता येत नाही' हे वहीत लिहिण्याजोगं उत्तर आहे.

या नियमातला उशीर नीट लक्षात घ्या. शिखर झालं हे पुढच्या दोन कॅन्डल पुऱ्या झाल्यावरच कळतं. जुन्या चार्टवर तुम्ही शिखराच्या टोकावर बोट ठेवून 'इथे विकायचं होतं' म्हणता. त्या दिवशी ते शिखर आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. बैल गेला आणि झोपा केला, अशातला प्रकार.

हेड अँड शोल्डर्सचंही (मधलं शिखर उंच आणि दोन्ही बाजूंना खांद्यांसारखी ठेंगणी शिखरं, असा आकार) हेच. जुन्या चार्टवर तो आकार मला दहा ठिकाणी सापडायचा. चालू चार्टवर उजवा खांदा अजून झालेलाच नसायचा, आणि मी तो मनात काढून मोकळा व्हायचो. पॅटर्न शिकायचेच असतील तर या टप्प्याच्या शेवटी एखादाच घ्या. सगळे पॅटर्न अखेर शिखरं, तळ आणि त्यांमधलं अंतर यांचीच वेगवेगळी नावं आहेत.

> सावधान: दैनिक चार्टवर हवं ते उत्तर मिळालं नाही म्हणून तासाच्या चार्टवर जाऊ नका. कुठल्या ना कुठल्या टाइमफ्रेमवर तुमच्या मनातलं उत्तर नेहमीच सापडतं. आधी साप्ताहिक, मग दैनिक, हा क्रम मोडायचा नाही.

## टप्पा ३: सपोर्ट आणि रेझिस्टन्सचे पट्टे

रेघ नको, पट्टा काढा. भाव दर वेळी नेमका ४०० वरूनच वळत नाही. कधी ४०६ वरून, कधी ४०१ वरून. साप्ताहिक चार्टवर जिथे भाव किमान दोनदा ठळकपणे वळला आहे ती जागा घ्या, कॅन्डलांच्या शेपट्यांच्या (बाहेर आलेल्या बारीक रेघांच्या) टोकापासून त्यांच्या अंगापर्यंतचा (उघडत्या आणि बंद भावांमधल्या जाड भागापर्यंतचा) भाग रंगवा. हा झाला पट्टा. एका चार्टवर जास्तीत जास्त चार. वीस रेघा काढल्या तर भाव कुठल्या तरी रेघेला टेकणारच, आणि तुम्हाला वाटेल की रेघा कमाल चालतात.

पट्टे का काम करतात हे समजलं की ते कुठे काम करणार नाहीत हेही कळतं. ४०० च्या आसपास अनेकांनी खरेदी केली आणि भाव ३६० ला गेला, तर ही मंडळी अडकली. भाव परत ४०० ला आला की 'घातलेले पैसे निघाले, सुटलो' म्हणून विकायला येतात. तुटलेला सपोर्ट रेझिस्टन्स (चढता भाव जिथे अडतो ती जागा) होतो तो यामुळे. मध्ये बरीच वर्षं गेली असतील तर ती अडकलेली माणसं तिथे उरलेली नसतात. म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या पट्ट्याला गेल्या वर्षीच्या पट्ट्याइतकं वजन देऊ नका.

पट्टा जितक्या वेळा टिकला तितका मजबूत, असं सर्रास शिकवलं जातं. माझं मत थोडं वेगळं आहे. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपर्यंत ते ठीक. पण थोड्याच दिवसांत भाव पाचव्यांदा त्याच जागी येऊन धडकत असेल, तर तिथली घेणाऱ्यांची फौज दर वेळी थोडी थोडी खर्ची पडते आहे.

आता एटीआर (ॲव्हरेज ट्रू रेंज) मोजा. पट्टा 'तुटला' म्हणजे किती खाली गेला, हे ठरवायला शेअरचा रोजचा नेहमीचा हेलकावा माहीत हवा. रोजचे तीन आकडे काढा: आजच्या उच्चांक-नीचांकातलं अंतर, आजचा उच्चांक आणि कालचा बंद भाव यांतलं अंतर, आजचा नीचांक आणि कालचा बंद भाव यांतलं अंतर. तिन्हींतला मोठा तो त्या दिवसाचा खरा पल्ला, आणि १४ दिवसांच्या पल्ल्यांची सरासरी म्हणजे एटीआर. चार्टचं सॉफ्टवेअर तो आपोआप काढतं, पण एकदा हाताने काढा. रोज ८ अंक हलणाऱ्या शेअरवर ३ अंकांनी पट्टा 'तुटला' म्हणणं किती पोकळ आहे ते लगेच समजेल.

तिरक्या ट्रेंडलाइनबद्दल एवढंच: दोन बिंदूंतून रेघ कशीही जाते. तिसऱ्यांदा भाव तिला मान देईपर्यंत ती फक्त तुमची कल्पना आहे.

> तपासणी: काढलेले पट्टे लपवा. दोन दिवसांनी त्याच शेअरचा कोरा चार्ट घेऊन पुन्हा पट्टे काढा. चारांपैकी तीन साधारण त्याच जागी आले तर पुढे चला. नाही आले तर तुमचा नियम अजून डोक्यात आहे, कागदावर नाही.

## टप्पा ४: व्हॉल्यूम

इथे फार रेंगाळू नका. व्हॉल्यूमची तुलना गेल्या २० दिवसांच्या सरासरीशी करा. पट्टा ओलांडताना तो सरासरीच्या दीड-दोन पट असेल तर त्या चालीत बरीच माणसं सामील आहेत. सरासरीखाली असेल तर ब्रेकआउटवर, म्हणजे पट्टा ओलांडण्यावर, संशय घ्या. निर्देशांकात फेरबदल होतात त्या दिवशी किंवा एखादा मोठा घाऊक सौदा झाला त्या दिवशी आकडा फुगतो, तो सोडून द्या. आणि दुपारी बारा वाजता दिसणाऱ्या व्हॉल्यूमची तुलना पूर्ण दिवसाच्या सरासरीशी करू नका. ही चूक वाचताना हास्यास्पद वाटते आणि सर्रास होते.

## टप्पा ५: इंडिकेटर, तोही एकच

आरएसआय, स्टोकॅस्टिक आणि एमएसीडी, भावाचा जोर मोजणारे हे तिन्ही इंडिकेटर 'घ्या' म्हणत आहेत, म्हणून खात्री वाटते. पण हे तिन्ही त्याच भावांतून निघालेले आकडे आहेत. एकाच माणसाला तीन वेगळे सदरे घालून तीनदा साक्षीला उभं केल्यासारखं ते आहे. भावातून काढलेला एक इंडिकेटर पुरे.

मूव्हिंग ॲव्हरेज घेतलीत तर तिचा उशीर लक्षात असू द्या. २०० दिवसांची साधी सरासरी भावाच्या साधारण १०० सत्रं मागे चालते, ५० दिवसांची साधारण २५. तिने वळण दाखवलं तेव्हा चालीचा मोठा भाग होऊन गेलेला असतो. आणखी एक गंमत: आज भाव हललाच नाही तरी सरासरी हलू शकते, कारण २०० दिवसांपूर्वीचा एक भाव आज हिशेबातून बाहेर पडतो. त्यामुळे 'सरासरी वळली' याचा अर्थ दर वेळी 'बाजार वळला' असा होत नाही.

आरएसआय घेतलात तर ७० म्हणजे 'विका' हे डोक्यातून काढा. आरएसआय ७० चा अर्थ एवढाच, की गेल्या १४ सत्रांत सरासरी वाढ सरासरी घसरणीच्या सुमारे २.३३ पट होती. जोरदार तेजीत तो कित्येक आठवडे ७० च्या आसपास किंवा वर राहू शकतो, आणि तिथे विकणारा चालीच्या सुरुवातीलाच बाहेर पडतो. १४ हा आकडा वेल्स वायल्डर यांनी १९७८ साली आरएसआय मांडला तेव्हापासूनचा आहे. तो ११ किंवा १७ करून जुन्या चार्टवर छान बसवता येतो. बसवू नका.

## टप्पा ६: सौदा लिहा, उलट्या क्रमाने

आत्तापर्यंतचं सगळं या टप्प्यासाठी होतं. नेहमीचा क्रम असा असतो: किती शेअर घेऊ, किती भावाला घेऊ, कितीला विकू, आणि जमलं तर स्टॉपलॉस. तो उलटा करा.

६.१ चुकलो हे कुठे कळेल? समजा सपोर्टचा पट्टा ४०० ते ४०६ आहे आणि एटीआर ८ आहे. भाव पट्ट्यात आला, तिथून वळला आणि ४१२ वर बंद झाला. 'सपोर्ट टिकला' ही तुमची समजूत. ती खोटी ठरण्यासाठी भाव पट्ट्याच्या खाली, नेहमीच्या हेलकाव्याने जाईल त्याहून खाली जायला हवा. पट्ट्याच्या तळाखाली अर्धा एटीआर घेऊ: ४०० वजा ४, म्हणजे ३९६. हा स्टॉपलॉस.

६.२ वर जागा आहे का? पुढचा रेझिस्टन्सचा पट्टा ४५२ पासून सुरू होतो. ४१२ ते ४५२ म्हणजे ४० अंकांची संधी. खाली १६ अंकांचा धोका. गुणोत्तर अडीच. वरचा पट्टा ४२५ लाच असता तर सौदा इथेच सोडायचा होता, चार्ट कितीही सुंदर दिसला तरी.

६.३ किती शेअर? भांडवल २,००,००० आणि एका सौद्यात जास्तीत जास्त १ टक्का गमवायची तयारी, म्हणजे २,०००. भागिले १६. उत्तर १२५ शेअर. गुंतवणूक ५१,५००.

आता नेहमीची चूक बघा. माणूस आधी ३०० शेअर ठरवतो, गोल आकडा आहे म्हणून. मग तोटा २,००० च्या आत ठेवायला स्टॉपलॉस सुमारे साडेसहा अंकांवर, म्हणजे ४०५ च्या आसपास लावावा लागतो. शेअर रोजच ८ अंक हलतो. त्यामुळे समजूत चुकीची ठरण्याआधीच, निव्वळ रोजच्या हेलकाव्यात तो बाहेर फेकला जातो. मग भाव ४५० ला जाताना बघतो आणि म्हणतो, 'माझाच स्टॉपलॉस खातात.' कोणी खात नाही. हिशेब उलट्या टोकाकडून केला होता.

> सावधान: स्टॉपलॉस म्हणजे हमी नव्हे. रात्रीतून वाईट बातमी आली आणि शेअर थेट ३८० वर उघडला, तर विक्री ३८० च्या आसपासच होईल. तोटा २,००० ऐवजी ४,०००. म्हणून कंपनीच्या निकालाची तारीख सौदा लिहितानाच वहीत नोंदवा आणि त्या रात्री सौदा धरून ठेवायचा का, ते आधीच ठरवा.

१ टक्काच का, असं वाटत असेल तर हा हिशेब पाहा. अडीचच्या गुणोत्तराने दहांतले चारच सौदे जिंकले तरी, धोका १ धरून, दर सौद्यामागे सरासरी ०.४ हाती राहतं. त्यातून खर्च आणि कर जायचे. पण दहांत सहा हरणाऱ्या पद्धतीत सलग पाच हार येणं नवलाचं नाही. १ टक्क्याने पाच हारांत भांडवल सुमारे ५ टक्के कमी होतं. १० टक्क्यांनी सुमारे ४१ टक्के कमी होतं, आणि ते भरून काढायला जवळजवळ ७० टक्के नफा लागतो.

## टप्पा ७: उजवी बाजू झाका

चार्टच्या उजव्या बाजूला पुढे काय झालं ते असतं. ते दिसत असताना प्रत्येक जण तज्ज्ञ. म्हणून सराव झाकलेल्या चार्टवरच करायचा. एकेक कॅन्डल पुढे सरकवणारी रिप्लेची सोय असेल तर उत्तम. नसेल तर पडद्यावर पुठ्ठा धरा आणि एकेक कॅन्डल उघडा. मी पुठ्ठ्यावरच शिकलो.

१. शेअर आणि तारीख दुसऱ्या कोणाला निवडायला सांगा. शक्य असेल तर नावही झाका. 'तेव्हा बाजार कोसळला होता' हे आठवलं की सराव संपला.

२. साप्ताहिकवर ट्रेंड, पट्टे, मग दैनिक. टप्पा ६ प्रमाणे सौदा लिहा. मनात ठरवलेला सौदा गृहीत धरायचा नाही. कॅन्डल उघडल्यावर मनातला सौदा सोयीस्कर बदलतो.

३. इशारा आजच्या बंद भावावर मिळाला असेल तर खरेदी उद्याच्या उघडत्या भावाने धरा. भाव बंद झाल्यावर कळलेल्या गोष्टीवर त्याच बंद भावाने खरेदी करता येत नाही. वरच्या उदाहरणात शेअर उद्या ४१८ वर उघडला तर धोका २२ होतो आणि संधी ३४. गुणोत्तर दीडवर येतं. सौदा रद्द करायचा की कमी शेअरांनी करायचा, हा नियम आधी लिहून ठेवा.

४. एकाच दिवसाच्या कॅन्डलमध्ये स्टॉपलॉस आणि टार्गेट (नफ्यात विकायचा ठरवलेला भाव) दोन्ही येत असतील तर तो सौदा हार म्हणून धरा. उच्चांक आधी की नीचांक, हे कॅन्डल सांगत नाही, हे टप्पा १ मध्ये पाहिलं आहे.

५. दर सौद्यातून दलाली, कर आणि भावातली घसर (ठरवलेला भाव आणि प्रत्यक्ष मिळालेला भाव यांतला फरक) वजा करा.

६. असे ५० सौदे. त्याआधी नियमात एकही बदल नाही.

शेवटची अट सगळ्यांना छळते. बाराव्या सौद्यात हार झाली की वाटतं, 'इथे व्हॉल्यूम बघितला असता तर वाचलो असतो.' वाचला असतात, खरं आहे. पण तो बदल त्या एका हारीला बेतून शिवलेला आहे. कल्पना वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. ५० पुरे झाले की एकच बदल करा आणि तो नव्या ५० सौद्यांवर, वेगळ्या काळातल्या चार्टवर तपासा. ज्या सौद्यांवरून नियम सुचला, त्याच सौद्यांवर तो तपासला तर तो पास होणारच.

आणखी एक फसवणूक शेअरांच्या यादीत लपलेली असते. आजच्या निर्देशांकातले शेअर घेऊन त्यांच्या दहा वर्षांच्या चार्टवर सराव केलात, तर ते सगळे आज टिकून असलेले, मोठे झालेले शेअर असतात. जे बुडाले, यादीतून बाहेर पडले, ते तिथे नाहीतच. अशा यादीवर 'पडला की घ्या' ही पद्धत फारच हुशार वाटते. त्या काळात निर्देशांकात असलेले आणि नंतर बाहेर काढलेले चार-पाच शेअर मुद्दाम सरावात घाला.

> तपासणी: ५० सौद्यांनंतर तीन आकडे काढा: किती टक्के जिंकले, सरासरी जीत सरासरी हारीच्या किती पट, आणि सलग जास्तीत जास्त किती हारी आल्या. दर सौद्याची सरासरी खर्च वजा जाता शून्याखाली असेल तर टप्पा ८ उघडूच नका.

## टप्पा ८: थोडे पैसे, सगळे नियम

आता पहिल्यांदा खरे पैसे. धोका १ टक्क्याऐवजी पाव टक्का ठेवा. रक्कम इतकी छोटी वाटेल की कंटाळा येईल, हरकत नाही. इथे नफ्यापेक्षा, पैसे लागलेले असताना तुमचा हात लिहिल्याप्रमाणे चालतो का, हे बघायचं आहे. वहीत एक रकाना वाढवा: नियम पाळला का, हो किंवा नाही. नियम पाळून झालेली हार आणि नियम मोडून झालेली जीत यांतली दुसरी जास्त महाग पडते, कारण ती पुन्हा करावीशी वाटते.

इथे होणाऱ्या चुका ओळखीच्या आहेत. स्टॉपलॉस जवळ आला की तो खाली सरकवणं. पडत्या भावात आणखी घेऊन सरासरी करणं. १२५ शेअरांचा हिशेब केलेला असताना २५० झाले की धोक्याचा आकडाच उरत नाही. आणि सगळ्यांत लोकप्रिय: तीन आठवड्यांसाठी घेतलेला शेअर पडला की 'तशी कंपनी चांगलीच आहे, लांब मुदतीसाठी ठेवू' म्हणणं. ज्या कंपनीचा ताळेबंद घेताना उघडला नव्हता, ती तोटा झाल्यावर एकदम चांगली कंपनी होते.

खरोखरच लांब मुदतीचे गुंतवणूकदार असाल तर चार्टकडून कमी अपेक्षा ठेवा. कंपनीवर कर्ज किती, नफा खरा की कागदी, हे चार्ट सांगणार नाही. ते वार्षिक अहवालात बघावं लागतं. शेअर आधी तिथे निवडा. मग साप्ताहिक चार्टवर ४० आठवड्यांची सरासरी लावा, ती साधारण २०० दिवसांच्या सरासरीइतकीच असते. भाव तिच्याखाली असेल आणि शिखरं-तळ उतरते असतील तर रक्कम तीन-चार हप्त्यांत विभागा आणि पुढचा हप्ता चढता तळ दिसल्यावरच टाका.

दर आठवड्याला बाजार बंद असताना अर्धा तास वही वाचा. ३० खरे सौदे झाले, त्यांतल्या किमान २७ पुढे 'नियम पाळला: हो' असेल, आणि तीन आकडे सरावाच्या आकड्यांच्या आसपास असतील, तर धोका अर्ध्या टक्क्यावर न्या. आणखी ३० नंतर १ टक्का. 'हो' २७ पेक्षा कमी असतील तर इंडिकेटर बदलायला जाऊ नका. मोडलेले सौदे वेगळे काढा, त्यांत स्टॉपलॉस किती वेळा सरकवला ते मोजा, आणि पुठ्ठा घेऊन टप्पा ६ पासून पुन्हा २० सौदे लिहा.